चार चौकटींची चित्रपट्टी कशी तयार होते: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

वृत्तपत्राची पुरवणी, नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्याचे गृहपत्र किंवा शाळेचा वार्षिकांक, काम कोणतेही असो, पहिला प्रश्न बहुधा हाच येतो: "रंगीत करणार ना?" रंगीत करतोच. पण पट्टी चांगली होते ती शब्द आणि रेष यांमुळे, आणि छापताना बिघडते ती बहुतेक वेळा रंगात. म्हणून काम कोणत्या क्रमाने होते आणि तुमची सूचना कधी हवी असते, ते इथे सांगत आहोत.

आधी प्रसंग

एक नमुना घेऊ. पावसाळ्यात गंगेवर, म्हणजे नाशिकच्या गोदावरीवर, पूर बघायला आजोबा आणि नातू गेले आहेत. नातू विचारतो, "केवढा पूर आलाय हो आजोबा?" आजोबा नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बोट दाखवतात, "मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की समजायचं, मोठा पूर." दुसऱ्या चौकटीत दोघे छत्रीतून घरी निघतात. तिसरीत गल्लीत तुंबलेले पाणी, दोघेही गप्प. चौथीत नातू फोनवर, "आजी, पाणी आजोबांच्या गुडघ्याला लागलंय!"

तिसरी चौकट मुद्दाम मुकी आहे. तिथे आजोबांना रस्त्याच्या अवस्थेवर बोलायला लावले, तर फोनवरची गंमत आधीच फुटते. ग्राहक नेमकी इथेच एखादी सूचना किंवा घोषवाक्य घालायला सांगतात. आमचा आग्रह असतो की ते पट्टीच्या खाली, वेगळ्या ओळीत द्यावे.

चौकटी शक्यतो सारख्या मापाच्या ठेवतो. 1950 साली अमेरिकेत सुरू झालेली 'पीनट्स' ही पट्टी अशाच चार समान चौकटींत विकली गेली. संपादकाला जागेप्रमाणे ती आडवी, उभी किंवा दोनावर दोन लावता येत असे. तुमच्या अंकात ऐन वेळी जाहिरात आली, तरी पट्टी कापावी लागत नाही.

पेन्सिल, फुगे, शाई

माणसांच्या आधी आम्ही संवादाच्या फुग्यांची जागा ठरवतो. मराठी वाचक डावीकडून सुरुवात करतो, त्यामुळे पहिल्या चौकटीत प्रश्न विचारणारा नातू डावीकडेच हवा. शिवाय देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, म्हणून ओळींत जास्त अंतर लागते आणि फुगा उंच होतो. एका चौकटीत बारा-पंधरा शब्दांपुढे गेलो, की चित्राला जागाच उरत नाही.

चित्र छापील मापाच्या दुप्पट काढतो. चार कॉलमची पट्टी साधारण 16 सेंमी रुंद छापायची असेल, तर कागदावर ती 32 सेंमी असते. लहान करताना रेषही निम्मी होते, म्हणून अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक रेष काढत नाही आणि पावसाच्या रेघा दाट मारत नाही. छपाईत त्या एकमेकींना चिकटतात.

पेन्सिलचे कच्चे चित्र तुम्हाला दाखवतो, ते नीट वेळ देऊन पाहा. आजोबांचा चष्मा, संवादातला शब्द, चौकटींचा क्रम, सगळे तेव्हा सहज बदलते. शाई झाल्यावर एक शब्द वाढला तरी फुगा, त्यामागचे डोके आणि रंग, तिन्ही पुन्हा करावे लागतात.

रंग

शाईचे चित्र 600 डीपीआयवर (इंचाला 600 ठिपके) स्कॅन करून काळी रेष एका लेयरवर (थरावर) आणि रंग तिच्याखाली वेगळ्या लेयरवर ठेवतो. रंग काळ्या रेषेच्या खाली थोडा सरकवून भरतो. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार प्लेटा छापताना केसभर जरी हलल्या, तरी मधे पांढरी फट दिसू नये यासाठी. अक्षरे मात्र फक्त काळ्या प्लेटवरच. चार रंगांच्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे ठेवली तर अनुस्वार पहिला बुजतो, आणि 'आजोबांच्या' मधला तो ठिपका आम्हाला गमवायचा नाही.

न्यूजप्रिंट, म्हणजे वृत्तपत्राचा कागद, शाई शोषतो आणि शाईचा ठिपका पसरतो. फाइलमध्ये 50 टक्के दिलेली छटा कागदावर 70 टक्क्यांच्या पुढे दिसू शकते. म्हणून मारुतीचा शेंदरी पडद्यावर फिकट वाटला तरी किरमिजी 55 टक्क्यांवरच थांबवतो, पिवळा पूर्ण देतो. गोदेचे गढूळ पाणी पिवळा 50, किरमिजी 30 आणि निळा 15 एवढ्यात भागते. त्यात काळा घातला की चिखल होतो. चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज कुठेही 240 च्या वर जाऊ देत नाही, नाहीतर पान ओले राहून समोरच्या पानावर डाग उमटतो. मोबाइलवर पाहून "रंग उजळ करा" असे कळवण्याआधी हे लक्षात घ्यावे. आर्ट पेपरवर (गुळगुळीत, चकचकीत कागदावर) हीच पट्टी छापायची असेल, तर टक्केवारी वेगळी लावून दुसरी फाइल देतो.

तुमच्याकडून काय हवे

छापील जागेचे माप, कागदाचा प्रकार आणि संवादांचा युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर. पट्टी आम्ही पीडीएफमध्ये देतो, अक्षरे आउटलाइन केलेली, म्हणजे फाँटऐवजी आकारांत बदललेली, असतात, त्यामुळे छापखान्यात तो फाँट नसला तरी जोडाक्षरे तुटत नाहीत. अंक छापून आला की एक प्रत आमच्याकडे जरूर पाठवा. त्या मशीनवर कोणता रंग किती चढतो ते पाहून पुढच्या पट्टीची टक्केवारी लावतो.