साइटवरचं पाळणाघर: मुंबई मोबाइल क्रेशेसची पार्श्वभूमी

मुंबईत बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या या संस्थेचा उगम दिल्लीतला. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीनिमित्त राजघाटाजवळ प्रदर्शन उभं राहत होतं. घमेली वाहणाऱ्या बायकांची तान्ही मुलं तिथेच धुळीत, उन्हात पडलेली असत. गांधीजींच्या नावाने चाललेल्या कामावर हे चालावं, हे मीरा महादेवन यांना सहन झालं नाही. त्यांनी तिथेच एका तंबूत पहिलं पाळणाघर सुरू केलं. मीराताई मूळच्या कराचीच्या बेने इस्राएल कुटुंबातल्या, हिंदीत लिहिणाऱ्या लेखिका.

१९७२ मध्ये हे काम मुंबईत आलं. ते दुष्काळाचं साल. गावं ओस पडत होती आणि इकडे नरिमन पॉइंटला भराव घातलेल्या जमिनीवर टोलेजंग इमारती चढत होत्या. मुकादम मजूर आणायचा तो बहुतेकदा जोडीने, नवरा-बायको मिळून. मग धाकट्याला सांभाळायला थोरली बहीण मागे राही आणि तिची शाळा तिथेच सुटे.

त्यामुळे पाळणाघरासोबतच तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालवाडी आणि त्याहून मोठ्यांसाठी अभ्यासवर्ग आला. धाकटा पाळण्यात, तर थोरली पाटी घेऊन शेजारच्या खोलीत. आईला कामातून मध्येच येऊन बाळाला पाजता येई. इमारत पुरी झाली की केंद्र बंद करायचं आणि मजूर जातील तिथे नव्याने मांडायचं. मला या कामातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. रेशनकार्ड काय, शाळेचा दाखला काय, आपल्या बहुतेक सोयी माणूस एका पत्त्यावर राहतो असं धरून चालतात. बिगाऱ्याच्या बायकोचा पत्ता दर इमारतीगणिक बदलतो.

कायदा फार मागून आला. कारखान्यांना पाळणाघराची सक्ती १९४८ पासून होती, पण बांधकामाची साइट म्हणजे कारखाना नव्हे. बांधकाम मजुरांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला तो १९९६ मध्ये, आणि त्यातही अट घातली ५० हून जास्त महिला कामगारांची. जोडीची मजुरी नवऱ्याच्या हाती पडते, हजेरीपटावर बाईचं नाव अनेकदा नसतंच. मग पन्नास बायका कागदावर भरणार कशा? साइटवर त्या डोळ्यांना दिसतात, कागद मात्र त्यांना ओळखत नाही.

मीराताई १९७७ मध्ये गेल्या. काम वाढत राहिलं. २००७ साली मुंबईची शाखा वेगळी होऊन स्वतंत्र संस्था झाली. बिल्डरने जागा, वीज आणि पाणी द्यायचं, संस्थेने शिक्षिका आणून केंद्र चालवायचं, अशी साधारण पद्धत. प्रत्येक नव्या साइटवर ही बोलणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागतात.