ऑप्टिकल घेऊ का कोअ‍ॅक्सियल? आणि तो हूंऽऽ आवाज येतो कुठून

परवा मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, नवीन अ‍ॅम्प घेतलाय, टीव्हीचा आवाज त्यात आणायला मागे दोन भोकं आहेत, एकावर ऑप्टिकल लिहिलंय, एकावर कोअ‍ॅक्सियल, दुकानदार म्हणतो ऑप्टिकलच न्या, त्यातून प्रकाश पळतो, प्रकाशापेक्षा फास्ट काय असणारे?" आणि एवढं ऐकून गड्याने सोनेरी मुलाम्याचा प्लग असलेली महागडी केबल घेऊनही टाकली होती. ज्या केबलमधून वीज जातच नाही तिच्या टोकाला सोनं कशाला, हे त्यानेही विचारलं नाही आणि दुकानदारानेही सांगितलं नाही. साडेसाती घालवायला अंगठी घ्यावी तसलाच प्रकार.

आधी त्या फास्टचं बघू. ऑप्टिकल केबलच्या आत एक मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा तंतू असतो, त्याचा अपवर्तनांक (दहावीत शिकलोय आपण) साधारण १.४९, म्हणजे प्रकाश त्यातून जाताना निर्वातातल्या वेगाच्या दोन तृतीयांश वेगाने जातो. आता कोअ‍ॅक्सियलमध्ये तांब्याच्या तारेभोवती भरीव पॉलिथिलीन असेल तर तिच्यातला सिग्नल किती वेगाने जातो? तोही दोन तृतीयांशच! आत फोम भरलेली असेल तर उलट तांबंच पुढे. दोन मीटरची केबल पार करायला दोघांनाही जो वेळ लागतो तो म्हणजे एका सेकंदाचे दहा कोटी तुकडे केले तर त्यातला एक. त्यामुळे शर्यत रद्द.

दोन्हीतून माल पण एकच जातो. सोनी आणि फिलिप्सने मिळून ठरवलेली डिजिटल आवाज पाठवायची एस/पीडीआयएफ नावाची पद्धत आहे, तीच तांब्यातून जाते तेव्हा अर्ध्या व्होल्टचा सिग्नल आणि ७५ ओहमची केबल, आणि प्लास्टिकमधून जाते तेव्हा लाल एलईडीची उघडझाप. हे प्लास्टिकवालं रूप तोशिबाने १९८३ मध्ये आणलं म्हणून त्याला टॉस्लिंक म्हणतात. लेझर वगैरे काही नाही, साधा लाल दिवा, केबलचं मोकळं टोक तळहातावर धरलं तर लाल ठिपका दिसतो.

आता माझा लाडका भाग, कंटाळा आला तर सरळ हूंऽऽ वर जा.

गाणं म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने (त्या त्या क्षणी आवाज किती, त्याचे आकडे), डावा उजवा मिळून दुप्पट, प्रत्येकाला ३२ बिटांचा डबा, म्हणजे सेकंदाला २८ लाखांहून जास्त शून्य-एक. आणि तार एकच, घड्याळाची वेगळी तार नाही. समजा गाण्यात शांतता आली, म्हणजे ओळीने शून्यच शून्य, आता शून्य म्हणजे खाली आणि एक म्हणजे वर असं असतं तर तार नुसती सपाट पडून राहिली असती, आणि पलीकडच्याने मोजायचं कसं की वीस शून्यं आली का एकवीस? त्याचं घड्याळ आपल्यापेक्षा कणभर पुढेमागे असणारच. म्हणून नियम असा केला की प्रत्येक बिटाच्या सुरुवातीला पातळी बदलायचीच, काही झालं तरी. बिट एक असेल तर मधोमध अजून एकदा बदलायची, शून्य असेल तर नाही. दिंडीतल्या टाळासारखं, प्रत्येक पावलाला टाळ वाजतोच, मध्ये जास्तीचा वाजला तर तो एक. म्हणजे लय आणि मजकूर दोन्ही एकाच टाळात! १०१ पाठवायचं तर वर-खाली, वर-वर, खाली-वर. हे सगळं उलटं करून बघा, खाली-वर, खाली-खाली, वर-खाली, तरी १०१ च निघतं, म्हणजे तार उलटी जोडली गेली तरी फरक नाही.

अजून गंमत म्हणजे या नियमात पातळी जास्तीत जास्त एक अख्खा बिट सारखी राहू शकते, दीड बिट कधीच नाही. म्हणून नवीन डबा सुरू झाला हे सांगायला मुद्दाम दीड बिटाची चूक करतात! आणि वर-खालीची सरासरी कायम शून्याच्या आसपास राहते म्हणून मध्ये इवलासा ट्रान्सफॉर्मर (दोन बाजू तारेने थेट न जोडता सिग्नल पलीकडे देणारा) घालता येतो, हे लक्षात ठेवा, लगेच लागणारे.

तर हूंऽऽ. मी मेव्हण्याला ऐटीत सांगितलं, ती सोनेरी केबल परत कर, जुन्या डीव्हीडी प्लेअरची पिवळी व्हिडिओ वायर शोध, ती पण ७५ ओहमचीच असते, कोअ‍ॅक्सियलला लाव. लावली, गाणं सुरू झालं आणि मागून हूंऽऽ. आमची जिरली.

झालं असं की केबलवाल्याची तार गच्चीवरून सेट-टॉप बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयच्या आवरणातून टीव्हीत, म्हणजे टीव्हीला कुठल्यातरी खांबावरचं अर्थिंग. अ‍ॅम्पला घरातल्या तीन पिनचं अर्थिंग. दोन्हींत थोडा व्होल्टेजचा फरक असतो, आणि पिवळ्या वायरीच्या आवरणाने ती दोन अर्थिंग जोडली गेली, त्यातून मेन्सचा करंट फिरायला लागला. शून्य-एक शाबूतच होते, पण तो करंट अ‍ॅम्पच्या अ‍ॅनालॉग भागात घुसून ५० हर्ट्झचा आवाज करत होता. सेट-टॉप बॉक्समधून केबलवाल्याची तार उपसायला लावली, हूंऽऽ गायब. त्याच्या अ‍ॅम्पच्या इनपुटला तो मघाचा ट्रान्सफॉर्मर असता तर बहुतेक हे झालंच नसतं, पण स्वस्तातल्या मशिनात तो वाचवतात. प्लास्टिकमधून मात्र करंट जाऊच शकत नाही. म्हणजे दुकानदाराचं उत्तर बरोबर, कारण चूक.

बाकी हिशोब असा, की १९२ किलोहर्ट्झच्या (सेकंदाला १,९२,००० नमुन्यांच्या) फाइली ऐकायच्या तर कोअ‍ॅक्सियल, कारण बरीच ऑप्टिकल पोर्टं ९६ ला दम टाकतात. ऑप्टिकल कपाटामागे करकचून वाकवू नका, आतला प्रकाश वळणावर बाहेर सांडतो. डॉल्बीचं साधं ५.१ (सहा स्पीकरांचा दाबून भरलेला आवाज) दोन्हीतून जातं, ब्लू-रेवाला अख्खा ट्रूएचडी दोन्हीतून जात नाही, त्याला एचडीएमआयच हवं. आणि आकडे बरोबर पोचत असतील तर महाग केबलने त्याच आकड्यांना गोडवा येत नाही.

रात्री परत फोन. "दाजी, ऑप्टिकल लावली, आता काहीच वाजत नाही." प्लगच्या टोकावरची प्लास्टिकची टोपी काढली का विचारलं. नव्हती काढली. काढली तरी गप्प. म्हटलं याच्या मशिनाला डॉल्बी उलगडता येत नसणार, मग टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डॉल्बीच्या जागी पीसीएम (न दाबलेले साधे नमुने) करायला लावलं, आणि फोनमधून मला एकदम बातम्यांचा आरडाओरडा ऐकू आला.