धोलावीरा : उतारावर आखलेला किल्ला

कच्छच्या मोठ्या रणात खदिर नावाचे बेट आहे. चहूकडे मिठाची सपाटी, पाऊस वर्षाला सरासरी 300 मिलिमीटरच्या आत आणि बारमाही नदी एकही नाही. अशा जागी हडप्पा संस्कृतीच्या लोकांनी इ.स.पू. 3000 च्या सुमारास धोलावीरा वसवले आणि मधले काही खंड वगळता इ.स.पू. 1500 पर्यंत तिथे वस्ती टिकली. जगतपती जोशी यांनी 1967-68 मध्ये हे पांढरीचे टेकाड, म्हणजे जुन्या वस्तीच्या अवशेषांचा उंचवटा, प्रकाशात आणले. 1990 पासून रवींद्रसिंह बिश्त यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे दीर्घकाळ उत्खनन केले. 2021 मध्ये या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

किल्ला पाहताना आपली नजर आधी तटाकडे जाते. इथे मात्र आधी जमिनीचा उतार पाहावा. ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे सुमारे 13 मीटरचा उतार आहे. उत्तरेला मानसर आणि दक्षिणेला मनहर हे दोन ओढे आहेत. दोन्ही फक्त पावसाळ्यात वाहतात. या दोन ओढ्यांच्या मधोमध शहर बसवले आहे, आणि तट कुठे, तलाव कुठे, वस्ती कुठे हे सगळे त्या उतारावरून ठरले आहे.

बाहेरचा परकोट 771 मीटर लांब आणि 617 मीटर रुंद आहे. लांबीला रुंदीने भागले की जवळजवळ नेमके 1.25 येते, म्हणजे 5 : 4. आत दक्षिणेकडच्या अंगाला बालेकिल्ला आहे. तो आतून 114 × 92 मीटर, पुन्हा 5 : 4 च्या अगदी जवळ. त्याला पश्चिमेकडून लागून असलेला तटबंदीचा दुसरा भाग 120 × 120 मीटर, म्हणजे चक्क चौरस. बालेकिल्ल्याच्या उत्तरेला असलेल्या मधल्या नगराचे प्रमाण 7 : 6 आहे. एवढ्या अंतरावर हे प्रमाण राखणे अवघड असते. मोजणीची दोरी झाडाच्या धाग्यांची असेल तर ती भिजली की आखडते आणि ताणली की लांबते. पहिला कोपरा काटकोनात बसला नाही तर 700 मीटरवर चूक कित्येक मीटरची होते. म्हणून चारही बाजू मोजून भागत नाही, दोन्ही कर्ण सारखे येतात का हेही तपासावे लागते. धोलावीराच्या आखणीकारांची नेमकी रीत कोणतीही असो, अशी काहीतरी पडताळणी केल्याशिवाय हे आकडे जुळणे शक्य नाही, असे मला ठामपणे वाटते.

बालेकिल्ल्याची बाहेरची मापे 151 × 118 मीटर आहेत. आतली मापे त्यातून वजा केली की भिंतींसाठी एका दिशेला 37 आणि दुसऱ्या दिशेला 26 मीटर उरतात. म्हणजे एकेका तटाची जाडी सरासरी 13 ते 18.5 मीटर. ही जाडी एकदम आली नाही, भर घालत घालत वाढली. गाभा कच्च्या विटांचा आणि दर्शनी बाजूला घडीव दगड, अशी ही रचना आहे. कोरडी असेपर्यंत कच्ची वीट तटाचे वजन सोसते; पाणी मात्र तिला सोसत नाही. दगडी आवरणाच्या सांध्यातून पाणी आत शिरले की गाभ्याची माती फुगते आणि दगड बाहेर ढकलले जातात. पायथ्याशी खारट ओल असेल तर ती वर चढते, सुकताना मिठाचे स्फटिक धरतात आणि विटेचा पापुद्रा सुटतो. त्यात कच्छ हा भूकंपाचा प्रदेश. भूकंपाने झालेले नुकसान आणि त्यानंतरची मोठी दुरुस्ती यांच्या खुणा उत्खननात दिसल्या आहेत. म्हणून तटाची जाडी फक्त शत्रूच्या भीतीपोटी वाढली असे समजू नये.

बालेकिल्ल्याच्या उत्तर दरवाजातून खाली पाहिले की समोर मोकळे मैदान दिसते. पूर्व-पश्चिम सुमारे 283 मीटर लांब, जेमतेम 47 मीटर रुंद, प्रमाण 6 : 1. कडेला प्रेक्षकांना बसता किंवा उभे राहता येईल असे पायऱ्यांसारखे टप्पे आहेत. एका बाजूला बालेकिल्ला, दुसऱ्या बाजूला मधले नगर, आणि मध्ये तटबंदीच्या आतली सव्वातीन एकरांहून जास्त जमीन मुद्दाम रिकामी सोडलेली. संरक्षित जमीन इतकी मोलाची असताना ती रिकामी ठेवायची, तर तिचा उपयोगही तसाच मोठा असला पाहिजे.

उपयोग कोणता, याचा अंदाज आकारावरून बांधता येतो. एका वक्त्याचे बोलणे 283 मीटरवर पोहोचणार नाही, तेव्हा भाषणासाठी ही जागा गैरसोयीची. रुंदी मात्र अशी की समोरच्या टप्प्यावरच्या माणसाच्या हालचाली स्वच्छ दिसाव्यात. मिरवणूक, शर्यती किंवा खेळ, दुतर्फा भरणारा बाजार, म्हणजे जे लांबीच्या दिशेने सरकते किंवा पसरते, त्याला ही जागा फार सोयीची आहे. बिश्त यांनीही समारंभ, खेळ आणि बाजार असे अनेक उपयोग सुचवले आहेत.

याच उत्तर दरवाजाच्या देवडीत एक प्रसिद्ध फलक सापडला. दहा चिन्हे, प्रत्येक सुमारे 37 सेंटिमीटर उंच, जिप्समच्या तुकड्यांची जडवलेली. मागची लाकडी फळी कुजून गेली, पण तुकडे आपापल्या जागी राहिल्यामुळे ओळ जशीच्या तशी मिळाली. हडप्पा लिपीचा बहुतेक मजकूर बोटभर मुद्रांवर आढळतो, तिथे हातभर अक्षरे आहेत ती दुरून वाचण्यासाठीच. फलक दरवाजावर लावलेला असेल तर त्याचा वाचक मैदानात उभा असणार. लिपी अजून उलगडलेली नाही.

आता पाणी. दोन्ही ओढ्यांवर दगडी बांध घालून पुराचे पाणी वळवले जाई आणि परकोटाच्या आत, कडेने खोदलेल्या तलावांच्या मालिकेत सोडले जाई. काही तलाव सह्याद्रीतल्या किल्ल्यांवरच्या टाक्यांसारखे थेट कातळात कोरले आहेत. बालेकिल्ल्यावर पडणारे पावसाचे पाणीसुद्धा दगडी गटारांतून गोळा होई. त्यातले मुख्य गटार माणूस आत शिरेल एवढे मोठे आहे.

बालेकिल्ल्याच्या पूर्वेचा तलाव 73.4 मीटर लांब, 29.3 मीटर रुंद आणि सुमारे 10 मीटर खोल आहे. बाजू सरळ उभ्या धरल्या तर काठोकाठ भरल्यावर त्यात सुमारे 2 कोटी 15 लाख लीटर पाणी मावेल. पायऱ्यांची जागा वजा केली की काहीसे कमी. खोली एवढी का? कच्छच्या उन्हात उघड्या पाण्याची पातळी बाष्पीभवनाने वर्षाला दोन मीटर किंवा त्याहूनही जास्त उतरते. तेवढेच पाणी दोन मीटर खोलीच्या पसरट तळ्यात साठवले तर पुढच्या पावसाआधी तळ दिसेल. दहा मीटर खोलीत मात्र साधारण पाचवा हिस्साच उडून जातो. शिवाय पाणी खाली गेले तरी पायऱ्यांवरून हंडा भरता येतो.

एका मोठ्या तळ्याऐवजी तलावांची मालिका केल्याने गाळाचा प्रश्नही हलका होतो. पुराचे पाणी गढूळ येते. पहिल्या तलावात ते संथ झाले की जड गाळ तिथेच बसतो आणि पुढे तुलनेने स्वच्छ पाणी जाते. मधले बांध एक तलाव रिकामा करून उपसायला मोकळीक देतात. पण हे सगळे नियमित उपशावर अवलंबून आहे. गाळ साचला की आधी खोली जाते, आणि खोली गेली की बाष्पीभवनाविरुद्धचा सगळा हिशेब कोसळतो.

उत्खननात वस्तीचे सात टप्पे ओळखले गेले. पाचव्या टप्प्यात शहराची, विशेषतः बालेकिल्ल्याची देखभाल ढासळलेली दिसते. सुमारे 4,200 वर्षांपूर्वी हवामान कोरडे होत गेले, हे त्याचे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. त्यानंतर शहर काही काळ ओस पडले. परतलेल्या लोकांची वस्ती लहान होती, आणि शेवटच्या टप्प्यातले रहिवासी काटकोनी घरे सोडून गोल घरांत राहू लागले. कच्छमधल्या आजच्या ‘भुंगा’ नावाच्या पारंपरिक घरांचा आकारही गोलच असतो.