इंटरट्रॅपियन जीवाश्म वनस्पती आणि जुनं हवामान

दख्खनचा लाव्हा काही एका दमात आला नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो थांबत थांबत येत राहिला आणि मधल्या काळात गार झालेल्या बेसॉल्टवर माती झाली, तळी साचली, झाडं वाढली, मग पुढचा लाव्हा आला आणि ते सगळं त्याच्याखाली गेलं. या मधल्या थरांना इंटरट्रॅपियन थर म्हणतात. वर्धा जिल्ह्यातलं नवरगाव, मध्य प्रदेशात छिंदवाड्यातलं मोहगाव कलां आणि दिंडोरीतलं घुघुआ ही त्यांची नावाजलेली ठिकाणं. बिरबल साहनींनी (ज्यांनी १९४६ मध्ये लखनौला पुरावनस्पती संस्था काढली) यावर फार मोलाचं काम केलंय.

इथलं लाकूड, फळं, बिया यांच्यात पाण्यातून सिलिका (वाळूत असतं ते खनिज) शिरली आणि त्यांचा दगड झाला. तो दगड कापून उजेड आरपार जाईल इतका पातळ घासला की मायक्रोस्कोपखाली पेशी न पेशी दिसते. घुघुआच्या बहुतेक रुंद पानांच्या झाडांच्या लाकडात वाढीची वलयं ठळक दिसतच नाहीत, म्हणजे वाढ थांबवणारी कडक थंडी किंवा लांबलचक कोरडा काळ नव्हता. ताडवर्गाला अशी वलयं मुळातच नसतात, त्यामुळे ती खोडं या हिशेबात धरत नाहीत, पण ताडवर्गाची झाडं एवढी होती म्हणजे कडक हिमही पडत नसणार.

मोहगावला निपा ताडाचं फळ मिळालं. निपा आज सुंदरबनसारख्या खाडीच्या चिखलात वाढतो. पण हे फळ तरंगत लांब जातं, त्यामुळे एवढ्यावरून तिथेच खाडी होती असं म्हणणं घाईचं होईल. छिंदवाड्याजवळच्या सौसरला मिळालेलं अझोला (पाण्यावर तरंगणारं छोटं नेचं) मात्र संथ गोड्या पाण्याचा सरळ पुरावा आहे.

पानांचे ठसे मिळाले तर अजून एक मार्ग असतो. उबदार प्रदेशात आंबा-जांभळासारख्या सलग कडेच्या पानांच्या जातींचं प्रमाण जास्त असतं, थंडीकडे जाल तसं दातेरी कडांचं वाढतं. एका पानावरून काही ठरत नाही, आपल्या कडुलिंबालाही दाते असतातच की, म्हणून बऱ्याच जाती मोजूनच तापमानाचा अंदाज काढतात.

आणि हे सगळं वाचताना एक गोष्ट धरावीच लागते, भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. म्हणजे आजच्या विदर्भाच्या उन्हाळ्याशी तुलना करताना त्यातला किती फरक पृथ्वीचं हवामान बदलल्यामुळे आणि किती जमीनच हलल्यामुळे, हे वेगळं काढावं लागतं.