पिकअप किती ‘के’चा? एका आकड्याची पार्श्वभूमी

ठाण्याच्या नौपाड्यातून, कोपरीतून, खाडीपलीकडच्या ऐरोली-वाशीतून माझ्याकडे गिटार दुरुस्तीला येतात, तेव्हा पिकअपबद्दलचा, म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या चुंबक-कॉइलच्या भागाबद्दलचा, पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: ‘‘दादा, हा किती केचा आहे? आणि किती केचा टाकला तर जोर येईल?’’ के म्हणजे किलोओम, पिकअपमधल्या तारेच्या रेझिस्टन्सचं, म्हणजे ती विजेला करते त्या अडथळ्याचं, माप. मल्टिमीटरची टोकं लावली की दिसणारा आकडा. हल्ली विकणारा आणि घेणारा दोघंही याच आकड्यावर बोलतात. जुना पिकअप ५.८चा निघाला की तो ‘नरम’ ठरतो आणि चांगलाभला पिकअप काढून त्याच्या जागी कुठलातरी १४चा बसतो. हा आकडा आवाजाची ताकद दाखवतो, ही समजूत कुठून आली ते पाहायचं तर सत्तरएक वर्षं मागे जावं लागतं.

त्याआधीचा काळ थोडक्यात. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात मांडीवर ठेवून वाजवायच्या ‘फ्राइंग पॅन’ गिटारवर नालाकृती चुंबकांचा पिकअप आला. १९३६ साली गिब्सनची ईएस-१५०, १९४६ साली पी-९०, १९५०च्या आगेमागे फेंडरची टेलिकास्टर आणि १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर. या सगळ्यांत एकच कॉइल, आणि एकट्या कॉइलला विजेची घूंघूं ठरलेलीच. अमेरिकेत ती ६० हर्ट्झच्या विजेची, आपल्याकडे ५०च्या.

१९५५ साली गिब्सनच्या एका अभियंत्याने दोन कॉइल एकमेकींच्या उलट जोडून ही घूंघूं मारणाऱ्या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९५७ पासून हे हमबकर लेस पॉल गिटारवर दिसू लागले. त्यांच्या पाठीवर ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची लहानशी काळी पट्टी असे, आणि तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पीएएफ हे नाव पडलं. पेटंट १९५९ साली मिळालं, तरी पट्टी पुढे काही वर्षं तशीच चिकटवत राहिले. नंतर पट्टीवर क्रमांक छापला तोही या पिकअपच्या पेटंटचा नव्हता. तारा अडकवायच्या टेलपीसच्या पेटंटचा होता.

आपल्या विषयाला महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. त्या काळच्या वाइंडिंग यंत्रांवर वेढ्यांचा हिशेब काटेकोर नव्हता. प्रत्येक बॉबिनवर साधारण ५,००० वेढे घ्यायचे, पण बॉबिन भरली दिसली की थांबायचं, असा व्यवहार. त्यामुळे एकाच वर्षाचे, दिसायला सारखे दोन पीएएफ कधी साडेसातचे तर कधी नऊच्या जवळचे निघतात. पुढे जुन्या लेस पॉलला भाव चढला आणि ‘याच्याहून त्याचा आवाज भारी का’ हा प्रश्न वाजवणाऱ्यांना छळू लागला. उत्तर शोधायला पिकअप उघडायची कुणाची छाती नव्हती. न उघडता मिळणारं एकच माप होतं, मीटरवरचा रेझिस्टन्स. माझ्या मते या आकड्याला मान मिळाला तो इथेच: तो महत्त्वाचा होता म्हणून नव्हे, हाताशी होता म्हणून.

१९७०च्या दशकात त्या मानाचा बाजारभाव झाला. न्यूयॉर्कच्या एका तरुण कारागिराने गिटारच्या मूळ पिकअपच्या जागी बसवायचे पिकअप स्वतंत्रपणे विकायला काढले. त्यांतला ‘सुपर डिस्टॉर्शन’ नावाचा पिकअप सिरॅमिक चुंबकाचा, भरपूर वेढ्यांचा आणि १३ किलोओमच्या पुढचा होता. तेव्हाच्या व्हॉल्व्हच्या बऱ्याच अ‍ॅम्पना मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे फाटलेला आवाज शेवटी कमी करायचं बटण, नसे. आवाज फाटायला हवा असेल तर अ‍ॅम्प कानठळ्या बसेपर्यंत वाढवा, नाहीतर पिकअपमधूनच जास्त सिग्नल ढकला, एवढेच मार्ग होते. अशा वेळी ‘हॉट’ पिकअप ही खरी गरज होती, आणि त्या पिकअपमध्ये मोठा आकडा आणि मोठा आवाज खरोखर एकत्र आले होते. त्या जोडीवरून पुढच्या पन्नास वर्षांच्या जाहिराती लिहिल्या गेल्या. अ‍ॅम्पमध्ये गेनची, म्हणजे सिग्नल आतच वाढवायची, बटणं आली, पेडल आले, आता तर फोनमधल्या अ‍ॅपमध्ये हवा तेवढा गेन मिळतो. गरज गेली, पण आकडा राहिला.

तो आकडा नेमका काय सांगतो? कॉइलमध्ये तांब्याची तार किती लांब आहे आणि किती बारीक आहे, या दोन गोष्टींची बेरीज. चुंबक कोणता, किती जोराचा, गिटारच्या तारांपासून किती दूर, यातलं काहीच त्यात येत नाही. चुंबक काढून टाकलेला पिकअपही मीटरवर तोच आकडा दाखवतो आणि त्यातून आवाज येत नाही. टेलिकास्टरचं उदाहरण घ्या. तिच्या नेक पिकअपला, म्हणजे दांडीजवळच्या पिकअपला, परंपरेने ४३ गेजची, म्हणजे नेहमीच्या ४२हून बारीक तार असते. बारीक तारेला तेवढ्याच लांबीत रेझिस्टन्स जास्त. म्हणून हा पिकअप मीटरवर दुसऱ्या टोकाच्या, ब्रिजजवळच्या पिकअपच्या बरोबरीचा, कधी वरचढही दिसतो, आणि वाजवला की दोघांत मवाळ तोच. शिवाय तांब्याचा रेझिस्टन्स तापमानामागे हलतो, दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के. २० अंशांच्या एसी खोलीत ८.० दाखवणारा पिकअप मे महिन्याच्या दुपारी, ३५ अंशांत, साडेआठच्या जवळ जातो. तो तेवढ्याने ‘हॉट’ झाला म्हणायचं का?

आवाजाचा पोत ठरवण्यात कॉइलच्या इंडक्टन्सचा, म्हणजे बदलत्या विजेला कॉइल जो विरोध करते त्याच्या मापाचा, वाटा फार मोठा. स्ट्रॅटच्या, म्हणजे स्ट्रॅटोकास्टरच्या, पिकअपचा इंडक्टन्स साधारण सव्वादोन-अडीच हेन्री, जुन्या धर्तीच्या हमबकरचा साडेचारच्या आसपास. गिटारपासून अ‍ॅम्पपर्यंतची केबलही या हिशेबात असते, तिची कपॅसिटन्स दर मीटर लांबीला सुमारे १०० पिकोफॅरड. सहा मीटरची केबल लावली, तर स्ट्रॅटच्या पिकअपचा आवाज चार किलोहर्ट्झजवळ उठून दिसतो आणि हमबकरचा तीनच्या खाली. एक चमकतो आणि दुसरा जाड वाटतो, त्यामागे हे मोठं कारण आहे. वेढे वाढवत नेले की सिग्नल वाढतो, त्याबरोबर हा उठाव खाली खाली सरकतो आणि वरची धार जाते. ‘जोर वाढला पण गिटार गुदमरली’ ही तक्रार मी जितक्या वेळा ऐकली आहे, तितक्या वेळा मीटरवर १३च्या पुढचा आकडा होता.

आता तारेच्या गेजचा गुंता. तो आपल्याकडचा आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून जरा सविस्तर. पिकअपची सगळी माहिती अमेरिकेतून आलेली, त्यामुळे ‘४२ गेज’ म्हणजे अमेरिकन वायर गेज. जाडी ०.०६३ मिलिमीटर, केसाएवढी. आपल्याकडच्या वाइंडिंगच्या धंद्यात मात्र पिढ्यान्‌पिढ्या ब्रिटिश वळणाचं स्टँडर्ड वायर गेज चालत आलं आहे. पंखा, मिक्सर, पाण्याची मोटर, सगळं त्याच नंबरात. त्या मोजणीतली ४२ नंबरची तार ०.१०२ मिलिमीटरची, म्हणजे दीडपटीहून जाड. अमेरिकन ४२च्या सर्वांत जवळ येते ती इथली ४६ नंबर, ०.०६१ मिलिमीटर.

हे मला एका पावसाळ्यात कळलं. एका स्ट्रॅटचा मधला पिकअप बंद पडला होता. जुन्या पद्धतीच्या या पिकअपमध्ये तार थेट चुंबकाच्या दांड्यांवर गुंडाळलेली असते. दमट हवा आणि हाताचा घाम आत शिरला की दांडे गंजतात आणि सगळ्यांत आतले वेढे खाल्ले जातात. मी टेप सोडली तेव्हा तळाशी, जिथे तार खिळ्याला जोडतात तिथे, तांब्यावर हिरवी बुरशी चढावी तसा गंज होता. वागळे इस्टेटमध्ये पंखे-मोटरी रिवाइंड करणाऱ्या एका काकांकडे बॉबिन घेऊन गेलो आणि सांगितलं, ‘‘काका, ४२ नंबर भरा, आठ हजार वेढे.’’ काकांनी बॉबिन उलटसुलट करून पाहिली. ‘‘आठ हजार बसणार नाहीत यात. तीन बसले तर बसले.’’ मी म्हटलं, बसतात, अमेरिकेत बसवतात. संध्याकाळी वेढे मोजणाऱ्या काउंटरवर ३,१०० आकडा होता, बॉबिन काठोकाठ भरलेली, आणि मीटरवर ०.९ किलोओम. गिटारमध्ये बसवून पाहिला. आवाज येत होता, पण दुरून, काचेच्या पलीकडून यावा तसा. दोन दिवस तक्ते धुंडाळल्यावर उलगडा झाला. पुन्हा गेलो तेव्हा काकांनी ४६ नंबरचं रीळ कपाटाच्या वरच्या खणातून काढलं, चिमटीत तार धरून दाखवली. ‘‘ही मशीनवर नाही, हातानं सोडावी लागते. ओढ लागली की तुटते.’’ चार वेळा तुटलीच. शेवटी ७,६०० वेढे बसले, मीटर ६.२, आणि मधला पिकअप बाकी दोघांच्या पंगतीत येऊन बसला.

ठाणे-नवी मुंबईत ‘जोर’ हवा असणारा दुसरा मोठा वर्ग आहे बेंजोवाल्यांचा. त्यांना गिटारच्या इतिहासात जागा देत नाहीत, हे मला पटत नाही. नागोयात १९१२ साली बनलेल्या ताइशोगोतो या जपानी वाद्यातून आपलं बुलबुल तरंग आलं, आणि त्याला पिकअप लागून झाला मिरवणुकीतला बेंजो. घणसोली, दिवा, चेंदणी कोळीवाडा, कुठेही आगरी-कोळ्यांची हळद असो, ढोलकी, पॅड आणि कीबोर्डच्या वर बेंजोचा टणत्कार ऐकू यायलाच हवा. जनरेटरवरची वीज, धड अर्थिंग नाही, तीस फुटांच्या केबली. पिकअपची यापेक्षा कडक परीक्षा कुठल्या स्टुडिओत होत नाही. एक वादक दादा ‘मोठा के’ मागत आले होते. मी पिकअप बदलला नाही. पिकअपचे स्क्रू दोन-दोन आटे फिरवून तो तारांजवळ आणला आणि केबल निम्म्या लांबीची दिली. त्याच रात्री त्यांना एका हळदीत वाजवायचं होतं. दुसऱ्या दिवशी दादांनी फोन करून आणखी एक तशीच केबल मागितली.

गिटारच्या बाजूला १९९१ नंतर चित्र बदलत गेलं. आधी परदेशी गिटार म्हणजे कुणाच्या तरी मामाने आखातातून आणलेली. आयात सैल झाली तशा कोरिया, इंडोनेशिया आणि चीनमध्ये बनलेल्या गिटारी कॉलेजच्या पोरांच्या आवाक्यात आल्या. त्यांतल्या स्वस्त स्ट्रॅट-नमुन्यांत दांडे चुंबकाचे नसतात. पोलादाचे खिळे आणि खाली चिकटवलेली सिरॅमिकची पट्टी, अशी रचना. या पिकअपना सरसकट नावं ठेवण्याची पद्धत आहे आणि ती अन्यायाची आहे. आवाज थोडा कडक आणि बोचरा असतो हे खरं, पण अर्ध्याहून जास्त वेळा दोष पिकअपचा नसतो. हमबकरला २५० केचा पॉट (आवाजाच्या बटणाखालचा रेझिस्टर) लावलेला, म्हणून धार गेलेली, तिथे ५०० के हवा. किंवा ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न बसलेला डाग. किंवा पिकअप इतका वर की चुंबकच तारा ओढतो आणि सूर डळमळतो. शेवटचा पडदा दाबून तार आणि दांडा यांत दोन-अडीच मिलिमीटर ठेवले की कितीतरी ‘बेसुऱ्या’ गिटारी सुरात येतात.

घूंघूंबद्दलही असाच गैरसमज फिरतो. आत तांब्याची टेप चिकटवली की सिंगल कॉइल शांत होईल, असं सांगतात. टेपमुळे ट्यूबलाइट आणि डिमरची चरचर कमी होते. अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र मात्र त्या पातळ टेपमधून आरपार जातं, त्याला दुसरी कॉइलच लागते. म्हणून तर स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलट वेढ्यांचा, उलट चुंबकाचा देतात, आणि स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर, जिथे तो शेजारच्या पिकअपबरोबर वाजतो, गिटारची घूंघूं गप्प होते.

बदलायचं ठरलंच, तर पिकअप बनवणाऱ्यांनी एक गुंता अजून सोडवलेला नाही: चार तारांच्या हमबकरमध्ये रंगांना सर्वमान्य अर्थ नाही. एका प्रसिद्ध अमेरिकन कंपनीत लाल तार हॉट, म्हणजे सिग्नलची, दुसरीत काळी, आणि हिरवी दोघींत ग्राउंडला. दोन कंपन्यांचे पिकअप एका गिटारमध्ये बसवून एकाचा तक्ता दुसऱ्याला लावला की आवाज पोकळ होतो. मग पिकअपला शिव्या बसतात.

माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक पिकअपला मी आता एक चिठ्ठी बांधतो. तिच्यावर किलोओम असतो, कारण लोक तो विचारतात आणि कॉइल तुटली असेल तर तोच आधी सांगतो. त्याच्या शेजारी त्या दिवसाचं तापमान, हेन्रीमध्ये इंडक्टन्स, चुंबकाचा प्रकार, वेढे मोजलेले असतील तर वेढे. तारेच्या रकान्यात गेजचा नंबर लिहीत नाही, मिलिमीटर लिहितो.