सात लिटरचं इंजिन आणि समोरची हवा

१९६८ ची डॉज चार्जर पाहिली की आजही नजर ठरत नाही. आत ओढून घेतलेली काळी ग्रिल, छताच्या दोन्ही कडांवरून डिकीपर्यंत उतरलेले पत्र्याचे खांब आणि त्यांच्यामध्ये खोल बसवलेली मागची काच. अमेरिकन मसल कारच्या, म्हणजे दांडग्या इंजिनाच्या गाड्यांच्या, त्या बहराच्या काळातही इतकी देखणी गाडी क्वचितच झाली. स्पर्धेच्या गाडीत इंजिन होतं ४२६ घन इंचांचं हेमी, म्हणजे पुरतं सात लिटरचं. तरीही नासकारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोटार शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या, लांब ट्रॅकवर ती फोर्ड टोरिनोच्या मागे पडत होती. दोष नेमका त्या देखणेपणातच होता. खोल ग्रिलमध्ये हवा कोंडायची आणि छतावरून वाहत आलेली हवा काचेच्या खळग्यापाशी पत्र्याला सोडून भोवरे घालू लागायची.

इंजिन आणखी मोठं करण्याची सोय नव्हती, नियमांची मर्यादाच सात लिटरची होती. होतं त्याच इंजिनातून जास्त शक्ती काढण्यालाही हवा दाद देत नाही. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्या रोधाला सतत मागे सारायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. ताशी २९० किलोमीटरवरून ३२० वर जायचं तर वेग वाढतो जेमतेम दहा टक्के, पण शक्ती लागते सुमारे एक तृतीयांश जास्त. अशा वेळी पत्र्याचा आकार बदलणं हाच शहाणपणाचा मार्ग.

हवेचा हा हिशोब ड्रायव्हरांना आधीपासून ठाऊक होता. १९६० च्या डेटोना ५०० शर्यतीत ज्युनियर जॉन्सन यांची शेव्हरोले समोरच्या पाँटिअ‍ॅकपेक्षा उघडच कमी वेगाची होती. पण पाँटिअ‍ॅकच्या मागे अगदी चिकटून राहिलं की आपली गाडी बरोबरीनं पळते, हे त्यांच्या लक्षात आलं. पुढची गाडी हवा फाडते, तिच्या मागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो, आणि त्यात शिरलेल्या गाडीला निम्मं भांडण करावंच लागत नाही. शर्यत जॉन्सननीच जिंकली.

रोधापेक्षा मोठा धोका मात्र उचलीचा. वादळात घरावरचे पत्रे उडतात ते याच कारणानं: वरून वेगानं जाणाऱ्या हवेचा दाब कमी, खालचा जास्त. गाडीचं फुगीर छतही वेगात असंच वागतं, आणि नाकाखालून शिरलेली हवा पुढची चाकं हलकी करते. पावणेदोन टनांच्या आसपासची गाडी काही आकाशात उडत नाही, पण टायरवरचा भार घटला की पकड घटते. १९६६ ची चार्जर मागून इतकी हलकी व्हायची, की डिकीच्या कडेला छोटी आडवी पट्टी बसवण्याची परवानगी नासकारला द्यावी लागली. त्याच मोसमात डेव्हिड पिअर्सन चार्जर घेऊन विजेते झाले.

१९६९ मध्ये डॉजनं आधी ग्रिल पुढे आणली, मागची काच छताच्या रेषेत बसवली आणि त्या गाडीला चार्जर ५०० नाव दिलं. फोर्डचं उत्तर होतं टोरिनो टॅलाडेगा: नाक लांबवलेलं, आणि पुढचा बंपर म्हणजे चक्क मागचाच बंपर कापून अरुंद केलेला! मला ही गोष्ट फार आवडते. जिथे फट दिसेल तिथे हवा अडते, म्हणून फटी बुजवत जायचं, हातात असेल ते वापरून.

मग आली चार्जर डेटोना. ती घडवणाऱ्या, डॉजची मूळ कंपनी क्रायस्लरच्या चमूतले काही अभियंते कंपनीच्या क्षेपणास्त्र विभागातून आले होते. विंड टनेलमधल्या, म्हणजे गाडीवर जोराचा वारा सोडणाऱ्या बोगद्यातल्या, चाचण्यांतून गाडीला सुमारे दीड फुटाचं निमुळतं नाक मिळालं. त्यानं समोरची हवा दुभंगली, आणि त्याच्या खालच्या पट्टीनं ती गाडीखाली शिरण्यापासून रोखली. मागे उभा राहिला जवळपास दोन फूट उंच पंख, विमानाच्या पंखाचाच आकार पण उलटा बसवलेला, म्हणजे चाकं जमिनीवर दाबणारा. डिकीचं झाकण उघडावं म्हणून तो उंच ठेवला, असं अनेक जण सांगतात. पण उंचीचा खरा लाभ वेगळा आहे. छतामागची घुसळलेली हवा खाली राहते आणि पंखाला वरची स्वच्छ हवा मिळते. त्याला पेलणारे दोन रुंद खांबही फुकट उभे नव्हते. गाडी वेगात तिरकी होऊ लागली की विमानाच्या उभ्या शेपटीसारखे ते तिला सरळ करायचे.

२४ मार्च १९७० रोजी अलाबामातल्या टॅलाडेगा ट्रॅकवर बडी बेकर यांनी डेटोनामधून सरासरी ताशी २००.४४७ मैलांची, म्हणजे सुमारे ३२२.६ किलोमीटरची फेरी मारली. बंदिस्त ट्रॅकवर ताशी दोनशे मैलांचा उंबरठा त्या दिवशी प्रथमच ओलांडला गेला.

आधीच्या वर्षी फोर्डकडे गेलेले ड्रायव्हर रिचर्ड पेटी १९७० मध्ये क्रायस्लरच्याच प्लायमाउथकडे परतले. त्यांच्यासाठी तिथे तशीच पंखवाली सुपरबर्ड तयार होती. नियमाप्रमाणे अशा गाड्या सामान्य गिऱ्हाइकांसाठीही बनवाव्या लागत. डेटोना पाचशेच्या आसपास बनल्या, सुपरबर्ड एकोणीसशेच्या वर. त्या काळी अनेक सुपरबर्ड शोरूममध्ये पडून राहिल्या, काही विक्रेत्यांनी तर नाक-पंख काढून त्या साध्या करून विकल्या.

वेग फार वाढतोय म्हणून १९७१ साठी नासकारनं अट घातली: पंखवाल्या गाड्यांना इंजिन फक्त ३०५ घन इंचांचं, म्हणजे पाच लिटरचं. बहुतेकांनी त्या गाड्या बाजूला ठेवल्या. एकच डेटोना त्या वर्षीच्या डेटोना ५०० मध्ये उतरली, डिक ब्रुक्स यांची. सात लिटरवाल्यांच्या गर्दीत दोन लिटर कमी घेऊन ती पळाली, काही फेऱ्या आघाडीवरही होती, आणि सातवी आली.