पीएसपीच्या पडद्यावर मराठी पान: पार्श्वभूमी

हातात धरून खेळायच्या यंत्रावर इंटरनेट आणायची हौस तशी जुनी. टायगर कंपनीच्या गेम.कॉमला १९९७ सालीच मोडेम जोडून नुसता मजकूर वाचता यायचा. ते यंत्र चाललं नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात ज्यांनी गेमच्या यंत्रात ब्राउझर पाहिला, त्यांनी बहुधा सोनीच्या पीएसपीतच पाहिला. कुणाच्या आखातातल्या मामानं आणलेला, कुणी मुंबईहून नाहीतर गोव्याहून मागवलेला.

डिसेंबर २००४ मध्ये पीएसपी जपानात निघाला तेव्हा त्यात ब्राउझर नव्हताच. 'वाइपआउट प्युअर' या शर्यतीच्या खेळात जादा सामान उतरवून घेण्यापुरती एक खिडकी होती. हिकमती लोकांनी २००५ मध्ये डीएनएसचा (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा ठिकाणा सांगणाऱ्या सेवेचा) पत्ता बदलून त्या खिडकीतून हवी ती पानं उघडायला सुरुवात केली. त्याच वर्षी जुलैत २.०० फर्मवेअरबरोबर (यंत्राच्या आतल्या मूळ प्रणालीबरोबर) अधिकृत ब्राउझर आला, तो अ‍ॅक्सेस या जपानी कंपनीचा नेटफ्रंट.

पडदा ४८० बाय २७२ ठिपक्यांचा. त्या काळची संकेतस्थळं ८०० किंवा १०२४ ची रुंदी धरून, टेबलांच्या रकान्यांत बांधलेली असत. ब्राउझरमध्ये नॉर्मल, जस्ट-फिट आणि स्मार्ट-फिट अशा तीन तऱ्हा होत्या. स्मार्ट-फिट रकाने मोडून सगळं एकाखाली एक लावायचा, आणि मग बातमीच्या आधी वीस लिंकांची माळ ओढत बसावं लागे. तरी माझ्या मते खरी अडचण रुंदीची नव्हती, मेमरीची होती. पहिल्या पीएसपीत सगळी मिळून ३२ एमबी, आणि ब्राउझरच्या वाट्याला त्यातला तुकडाच. चित्राची फाइल दहा केबीची असली तरी पडद्यावर दाखवताना ती उलगडावी लागते. एका ठिपक्याला चार बाइट धरले तर पडदाभर चित्राला सव्वापाच लाख बाइट लागतात, आणि १०२४ बाय ७६८ च्या फोटोला सरळ ३ एमबी. असे पाच-सात फोटो एका पानावर आले की मेमरी संपल्याचा निरोप यायचा आणि अर्धं पान रिकामं राहायचं.

आपल्याकडं याहून आधीचा प्रश्न होता: यंत्र जोडायचं कशाशी? बीएसएनएलचं ब्रॉडबँड २००५ मध्ये सुरू झालं, पण घरात वायफाय ही चैनच होती. त्यावर तोडगा मेमरी स्टिकचा, म्हणजे पीएसपीत घालायच्या कार्डाचा. नोटपॅडमध्ये पान लिहायचं, यूएसबीनं कार्डावरच्या 'पीएसपी' फोल्डरमधल्या 'कॉमन'मध्ये टाकायचं आणि ब्राउझरच्या पत्त्यात 'फाइल'नं सुरू होणारा मार्ग द्यायचा. नेट नसतानाही पान उघडे. परीक्षेचं वेळापत्रक, क्रिकेटचे आकडे, खेळांचे चीट कोड असलं काहीही कार्डावर मावायचं.

मराठीत लिहायचं म्हटलं की गाडी अडायची. पीएसपीत जपानी, चिनी, कोरियन आणि युरोपीय अक्षरांची सोय होती, देवनागरीची नव्हती. कन्नडचीही नव्हती. सीमाभागात भाषेवरून कितीही रान पेटो, या यंत्रापुढं दोन्ही लिप्या सारख्याच बेवारस. त्यात तेव्हाची बरीच मराठी संकेतस्थळं युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, नव्हतीच. त्यांचे स्वतःचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवून केलेले. फॉन्ट नाही म्हणजे अग्रलेखाऐवजी रोमन अक्षरांचा नुसता चिवडा.

मग मजकुराचंच चित्र करायचं. इथं कसब लागे. अक्षर लहान ठेवलं तर 'राष्ट्र'मधल्या 'ष्ट्र'चा काळा ठिपका व्हायचा आणि अनुस्वार शिरोरेषेला चिकटायचा. मोठं ठेवलं तर ओळीत सात-आठ शब्दच मावत. छटा न घालता चार रंगांची जीआयएफ केली तर फाइल हलकी व्हायची. उलगडल्यावरचं वजन मात्र तेवढंच. म्हणून लांबलचक पान न करता पडद्याएवढी पानं पाडायची आणि प्रत्येकावर 'मागे', 'पुढे' एवढ्याच लिंका ठेवायच्या. चौकोनाचं बटण दाबून नब (अंगठ्यानं सरकवायची छोटी चकती) ढकलत पान सरकवण्यापेक्षा बाणाच्या बटणानं लिंकवर उडी मारणं केव्हाही सोपं.

एप्रिल २००६ च्या २.७० फर्मवेअरनं फ्लॅश ६ आणला, म्हणजे पानात हलती चित्रं नि खेळ दाखवणारी जोडप्रणाली. सेटिंगमध्ये जाऊन, नेट जोडून तो एकदा चालू करावा लागे. एवढं केलं की देवनागरीला नवी वाट मिळाली. फ्लॅशमध्ये अक्षरांचे आकार रेषांच्या रूपात फाइलमध्येच घालता येत, यंत्रात फॉन्ट असो वा नसो. मराठीसाठी ही युक्ती चित्रापेक्षा कितीतरी सरस होती.

निन्टेंडोची तऱ्हा निराळी. डीएस या त्यांच्या हातातल्या यंत्रासाठी ऑपेराचा ब्राउझर २००६ मध्ये कार्ट्रिजवर आला आणि यंत्राची ४ एमबी मेमरी पुरेना म्हणून खाचेत घालायला वेगळा मेमरी पॅक दिला. सुरक्षेत फक्त वेप ही वायफायची जुनी पद्धत, त्यामुळं नव्या राउटरशी त्याचं जमेना. २०११ च्या ३डीएसमध्ये पान दोन पडद्यांवर पसरायचं, वरचा ४०० ठिपके रुंद आणि खालचा ३२०. दोन्ही बाजूंना ४०-४० ठिपके सोडले की मजकूर वर-खाली नीट जुळे. त्याच वर्षअखेरच्या सोनीच्या व्हिटाचा पडदा ९६० बाय ५४४, म्हणजे लांबी-रुंदीत पीएसपीच्या बरोबर दुप्पट. तोवर स्मार्टफोन आले होते आणि पडद्याची रुंदी पानानंच ओळखायची रीत रूढ होत होती.

निन्टेंडोच्या २०१७ च्या स्विचमध्ये ब्राउझर मेनूतच नाही. वायफायचं लॉगिन पान आलं की तेवढ्यापुरता तो डोकावतो. पीएसपीवर आजची बहुतेक संकेतस्थळं उघडत नाहीत, कारण त्याला नवं एन्क्रिप्शन कळत नाही. कार्डावरचं पान मात्र उघडतं, त्याला संकेतस्थळाची ओळख पटवणारं सर्टिफिकेट लागत नाही.